माझा पृष्ठाघात

कोल्हापुरात पाठ टेकणाऱ्या माणसाला मान नाही. इथं दर दोन गल्ल्यांमागे एक तालीम आहे आणि प्रत्येक तालमीत शिकवतात ते एवढंच, की काय वाटेल ते होवो, पाठ मातीला लागता कामा नये. अशा गावात राहून, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, मी शर्यतीसाठी पोहण्याचा जो प्रकार घेतला तो बॅकस्ट्रोक. म्हणजे आभाळाकडे तोंड करून, पाठीवर पडून, डोक्याच्या दिशेनं जायचं. घेतला म्हणण्यापेक्षा उरला. सरकारी कचेऱ्यांच्या विभागीय क्रीडास्पर्धांसाठी नावं घेताना पोहण्याचे बाकीचे प्रकार माझ्या टेबलापर्यंत येईतो संपले होते.

आदल्या वर्षी स्पर्धा परगावी झाल्या. तलावात गल्ल्या आखणाऱ्या दोऱ्या नव्हत्या, काठावर चुन्यानं आकडे काढले होते. शिट्टी वाजली, मी आभाळाकडे बघत जीव खाऊन हात मारले आणि डोकं काठाला लागताच हात वर करून ओरडलो. टाळ्या पडेनात म्हणून वळून पाहिलं. काठ होता, पण बाजूचा. मी चौथ्या आकड्यावरून निघून पहिल्या आकड्यावरच्या माणसाच्या पोटावरून जाऊन डाव्या भिंतीला लागलो होतो. पंचांनी वहीत काय लिहावं यावर बराच वेळ चर्चा केली.

माझं आडनाव हेर्लेकर. त्या दिवसापासून कचेरीत माझं नाव तिरपेकर झालं. कचेरीतून ते गल्लीत आलं, गल्लीतून दूधवाल्याकडे गेलं. दिवाळीच्या आधी एक लग्नपत्रिका आली, तिच्यावर शाईनं स्वच्छ लिहिलं होतं, ‘श्री. तिरपेकर, सहकुटुंब’. पाठवणाऱ्याला ते टोपणनाव आहे हेच माहीत नव्हतं. माझ्या वडिलांनी पस्तीस वर्षं मास्तरकी करून जे नाव सरळ ठेवलं होतं, ते मी सव्वा मिनिटात तिरपं केलं. बाकीच्या गोष्टी मी हसण्यावारी नेतो, पण याचं मला खरोखर वाईट वाटलं.

अडुसष्ट साली स्पर्धा कोल्हापुरात भरणार असं ठरलं. मी मनाशी म्हणालो, नंबर येवो न येवो, एकदा चुन्याच्या एका आकड्यावरून निघून समोरच्या त्याच आकड्याला लागायचं. नाव परत मिळवायचा दुसरा मार्ग नव्हता.

कोल्हापुरात माणूस मनाशी काही म्हणाला की शेजाऱ्याला ऐकू जातं. आमच्या शेजारी गणपतराव राहत. एके काळी कुस्त्या मारलेला माणूस. आता वय झालेलं, तरी दारातून आत येताना आडवे होऊन येत. ते माझ्या कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, “हेर्लेकर, मला एक सांगा. शिट्टी वाजायच्या आदीच तुमी चीत?”

“तसाच प्रकार आहे तो.”

“आनि शेवटपतोर चीत?”

“हो.”

“मग हारजीत कशावर ठरिवत्यात?”

मी समजावून सांगितलं. गणपतरावांनी सगळं ऐकून घेतलं, सुस्कारा सोडला आणि आमच्या सौभाग्यवतीला हाक मारून सांगितलं, “वैनी, ह्यास्नी रोज शेरभर म्हशीचं दूध चालू करा. उताना पडूनच मार खायाचा हाय, तर निदान ताकद तरी असू दे.” गल्लीतले बाकीचे सल्ले यापेक्षा कमी उपयोगाचे होते, म्हणून देत नाही.

शेवटी मला शिकवायला तयार झाले ते समोरचे लालासाब. विहिरीत पडलेली भांडी काढून देणं हा त्यांचा धंदा. नळ आल्यापासून विहिरी बसल्या आणि लालासाबही बसले. पण पाण्यात उतरले की साठीच्या माणसाचा माशासारखा थाट. ते पाठीवर पडून विडी ओढत आणि विडी भिजत नसे. रंकाळ्यावर गेलं तर निम्मी कचेरी फिरायला आलेली भेटणार, म्हणून आम्ही पहाटे सायकलवरून कळंब्याच्या तळ्यावर जाऊ लागलो.

पहिल्या दिवशी त्यांनी मला वीस हात मारायला लावले आणि काठावरूनच निकाल दिला. “हेर्लेकरसाब, तुमचा उजवा हात काम करतोय. डावा नुस्ती हजेरी लावतोय.”

वीस वर्षं फायली लिहून उजवा हात बळकट झाला होता आणि डाव्यानं तेवढा काळ कागद धरून ठेवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. उजवा जोरात ओढणार, डावा मागे राहणार, आणि नाव डावीकडे वळणार. इतका साधा हिशेब मला वर्षभर सुचला नव्हता.

“दुसरं. कंबर खाली बसती. पान्यात खुर्ची न्हाय, साब. पोट वर आना. तिसरं, करंगळी आदी पान्यात घाला, पंजा आपटू नगा. आनि झोपंत कूस बदलतासा का न्हाय? तशी दर हाताला बदला.”

मान हलू नये म्हणून त्यांनी माझ्या कपाळावर पाण्यानं भरलेली पितळी वाटी ठेवली. वाटी पडली की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या घरची ती वाटी लालासाबांनी तळ्याच्या तळातून एकूण एकतीस वेळा वर काढली, आणि मला वाटतं, जुना धंदा परत मिळाल्यासारखं त्यांना त्यात सुख होतं.

पाचव्या दिवशी वाटी प्रथमच टिकली. त्या आनंदात मी किती हात मारले कोण जाणे. डोकं चिखलाला लागलं तेव्हा उठून उभा राहिलो. समोर उसाचा फड होता आणि फडाच्या कडेला काठी घेतलेला एक पहारेकरी. तळ्याच्या त्या अंगाला तुरुंगाची शेती होती. मी लंगोटावर, वाटी हातात.

“पावणं,” तो शांतपणे म्हणाला, “पळून जानारं आइकून हाय. पवत येनारं पयल्यांदाच बघालोय. आत जायाचंय?”

मी माझं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. त्याला ते पटत आलं होतं. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून लालासाबांनी दोन्ही हात तोंडाशी धरून हाळी दिली, “सोडा ओऽ त्यास्नी! तिरपेकर हायती त्येऽ!”

पहारेकऱ्याचा चेहरा बदलला. “आत्ता हेर्लेकर म्हनालासा.”

“ते टोपणनाव आहे.”

“म्हंजे हेर्लेकर उर्फ तिरपेकर,” तो म्हणाला. “उर्फवाली मान्सं आमच्यात लई असत्यात.” त्यानं मला जाऊ दिलं, पण मी पोहत परत निघाल्यावर बराच वेळ तो माझ्याकडे ओळखीच्या नजरेनं बघत होता. आता नाव सरळ करणं ही माझ्यापुरती कायदेशीर गरज झाली.

लालासाबांनी फर्मान काढलं की पंधरा दिवस जेवण सोडून सगळं डाव्या हातानं करायचं. मी डाव्या हातानं बंब पेटवला, दाढी केली, सायकलची घंटा वाजवली. कचेरीत हजेरीपटावर सही डाव्या हातानं केली. ती सही म्हणजे शाईत बुडून निघालेला एखादा किडा कागदावरून घरी गेला असावा अशी उमटली. थोड्या वेळानं हजेरीपटाभोवती चारपाच डोकी एकत्र आलेली मी पाहिली.

याच सुमारास मी एक अर्ज केला. पहाटे कळंबा करून दहाला कचेरी गाठणं जमेना, म्हणून बॅकस्ट्रोकच्या सरावासाठी पंधरा दिवस तासभर उशिरा येण्याची परवानगी मागितली. अर्ज आण्णांकडे गेला.

आण्णा आमच्या आस्थापना शाखेचे हेडक्लार्क. कारभार मराठीतून करायचा हुकूम निघाल्यापासून त्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. इंग्रजी शब्द दिसला की ते लाल शाईनं खोडत आणि वर स्वतः घडवलेला मराठी शब्द बसवत. माझा अर्ज वाचून ते थोडा वेळ डोळे मिटून बसले. बॅक म्हणजे पृष्ठ. स्ट्रोक म्हणजे आघात. त्यांनी बॅकस्ट्रोक खोडला आणि वर सुंदर अक्षरात लिहिलं, ‘पृष्ठाघात’. पक्षाघात म्हणजे अर्धांगवायू हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण शब्द घडवणाऱ्या माणसाला शब्द कशासारखा वाजतो हे स्वतःला कधी ऐकू येत नाही.

साहेबांच्या टेबलावर कागद गेला तो असा: ‘अर्जदार श्री. हेर्लेकर यांस पृष्ठाघात असल्याने सकाळी येण्यास विलंब होतो.’ सोबत कुणीतरी हजेरीपटावरची सही लावून दिली होती. साहेब सज्जन माणूस. त्यांनी शेरा मारला, ‘वाचून वाईट वाटले. वैद्यकीय दाखला जोडावा.’

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो तर माझ्या खुर्चीवर उशी होती. शिपाई चहा टेबलावर घेऊन आला आणि कप माझ्या डाव्या हाताशी ठेवला. संध्याकाळी घरी आलो तर ओटीवर आमच्या शाखेची सहा माणसं, मधोमध मोसंबी, आणि दारात रडवेली सौभाग्यवती.

“अहो, मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगू?”

“पाठीवरून वारं गेलं म्हणे तुमच्या!”

मी सगळ्यांसमोर उभ्यानं वाकून पायाचे अंगठे धरून दाखवले. त्यावर एक जण दुसऱ्याच्या कानात म्हणाला, “पहिल्या पहिल्यांदा असंच असतं.” लालासाबांच्या बायकोला, खैरुनबीला, खरा प्रकार ठाऊक होता. तरीही ती तेलाची बाटली घेऊन आली. “न्हाय झालं तर चांगलंच की, भाऊजी. पर एवडी मान्सं आलीयात म्हंजे कायतरी आसंलच. लावून ठिवा.” त्या तेलाचा वास उतरायला पुढं चार दिवस लागले. एरवी माझ्याशी न बोलणारी माणसं त्या आठवड्यात रस्त्यात सायकल धरून मला चढायला मदत करत होती. माझी एवढी विचारपूस पुन्हा कधीच झाली नाही, आणि तिच्यात मला कोणी तिरपेकर म्हणत नव्हतं हेही खरं.

दाखल्यासाठी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाठीत सुया टोचून पाहिल्या आणि कचेरीच्या पत्रातला शब्द जसाच्या तसा उतरवून दाखला दिला, ‘श्री. हेर्लेकर यांस पृष्ठाघात नाही.’ मी तो दाखला मिरवत आण्णांच्या टेबलावर ठेवला. प्रकरण मिटलं अशा समजुतीत मी पुढचे दोन दिवस काढले.

तिसऱ्या दिवशी स्पर्धकांची यादी लागली. माझ्या नावावर काट होती.

“आण्णा, हे काय?”

“पृष्ठाघाताच्या शर्यतीतून तुमचं नाव वगळलंय.” आण्णांनी फाईल उघडली. “तुम्हांला पृष्ठाघात नाही, असा सरकारी डॉक्टरांचा दाखला आहे. कागद बोलतोय. नसलेल्या गोष्टीत भाग कसा घेता येईल?”

“अहो, तो शब्द तुम्हीच घडवलात!”

“म्हणून तर मला त्याचा अर्थ बदलता येत नाही. शिस्त आहे.”

महिनाभर मी पहाटेच्या थंडीत कुडकुडलो होतो. वाटी एकतीस वेळा बुडाली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी लपवलं नाही. आण्णा गडबडले. शब्दांच्या बाबतीत कठोर असला तरी माणूस वाईट नव्हता. त्यांनी टाक शाईत बुडवला, पुन्हा डोळे मिटले आणि एक ओळ लिहिली. त्यांच्या नोकरीतली ती सर्वांत उत्तम ओळ, असं मी आजही मानतो: ‘अर्जदारास पृष्ठाघात नसला, तरी त्यांना पृष्ठाघात येतो.’ ज्याला पोहता येतं त्यानं तो एका अर्थी वाचावा, ज्याला दया येते त्यानं दुसऱ्या. साहेबांनी खाली ‘मान्य’ लिहिलं. कोणत्या अर्थी, ते मी विचारलं नाही.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी लालासाबांनी शेवटची गोष्ट सांगितली. “आभाळात बघून सरळ जायाला आभाळात काय खुंटी न्हाय. जितनं सुटायचं तितं एक खून धरा आनि ती दोन पायांच्या मदी ठिवा. मागलं सरळ ऱ्हायलं की फुडलं आपसूक सरळ येतंय.”

खूण म्हणून आम्ही गणपतरावांचा गुलाबी फेटा ठरवला. माझ्या चौथ्या आकड्यामागे, काठावर, बरोबर मध्ये बसायचं आणि हलायचं नाही, एवढंच त्यांचं काम. “बसायचंच हाय न्हवं?” गणपतराव म्हणाले. “मला हालवायला अजून कोन जल्माला आलं न्हाय.”

स्पर्धेच्या दिवशी चौथ्या आकड्यामागे एक खुर्ची होती. गादीची, हाताची, पुढं फुलदाणी. गणपतराव तिच्यावर बसले.

शिट्टी वाजली. मी काठ सोडला, पोट वर घेतलं, करंगळी आधी घातली. उजवा, डावा, उजवा, डावा. पायांच्या मध्ये गुलाबी फेटा. दहा हात झाले असतील, तेव्हा फेट्याशेजारी एक शिपाई दिसला. खुर्ची प्रमुख पाहुण्यांची होती आणि पाहुणे आले होते.

पुढचं सगळं मी पोहता पोहता, दोन अंगठ्यांच्या मधून पाहिलं. शिपाई वाकून काही बोलला. फेटा हलला नाही. दुसरा शिपाई आला, मग आण्णा आले, हातवारे झाले. दोन शिपायांनी गणपतरावांच्या काखेत हात घातले. कुस्तीतला माणूस, त्यांनी दोन्ही पाय रोवले आणि श्वास भरला. एक शिपाई मागं पडला. फुलदाणी आडवी झाली. प्रमुख पाहुणे हार गळ्यात घेऊन उभे. आणि त्या सगळ्या गोंधळावरून गणपतरावांचा आवाज पाण्यात बुडालेल्या माझ्या कानांतसुद्धा शिरला, “माजा मानूस पान्यात हाय! त्यो लागंस्तवर म्या हालनार न्हाय!”

मला हसू आलं असतं तर नाकात पाणी गेलं असतं. पण हसू आलं नाही. उलट एकदम भरून आलं. चीत होण्याची ज्याला आयुष्यभर शिसारी, तो माणूस माझ्यासाठी, माझं पाठीवरचं पोहणं सरळ व्हावं म्हणून, सगळ्या सरकारशी बसल्या जागी झुंजत होता. मी डाव्या हाताला सांगितलं, बाबा रे, आज हजेरी लावू नकोस, काम कर.

डोकं काठाला लागलं. मागच्या खेपेच्या अनुभवानं मी हात वर केला नाही. आधी वळून पाहिलं. चुन्यानं काढलेला, थोडा पुसट, चार. मी तो ओल्या बोटांनी चाचपून बघितला, त्यामुळे आणखी पुसट झाला.

माझा तिसरा नंबर आला. आण्णांनी कर्ण्यावर निकाल वाचला, “पृष्ठाघात. प्रथम, सांगली. द्वितीय, सातारा. तृतीय, आपल्या कचेरीचे श्री. तिरपे...”

गणपतराव खुर्चीवरून उठले. इतका वेळ तीन माणसांना जे जमलं नव्हतं ते त्या तीन अक्षरांनी झालं. “हेर्लेकर म्हना,” ते म्हणाले. “सरळ आलाय त्यो.”

आण्णांनी घसा साफ केला. “श्री. हेर्लेकर,” ते म्हणाले. पाहुणे बसले.

संध्याकाळी गल्लीत गणपतरावांनी मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, “चीत तर झालासा, त्यात वाद न्हाय. पर अशी चीत बी मी कवा बघितली न्हवती.” कचेरीत ‘तिरपेकर’ महिनाभरात विझलं. आण्णांनी माझ्या सेवापुस्तकात नोंद केली आणि ती करताना आडनावाची फोड करून मला मोठ्यानं वाचून दाखवली.

ते सेवापुस्तक त्यानंतर कुणी उघडलं असेल असं वाटत नाही. पंच्याऐंशी साली मी निवृत्त झालो. निवृत्तीच्या कागदांसाठी वैद्यकीय तपासणी असते. डॉक्टर नवा, तरुण, पुण्याकडचा होता. त्यानं सेवापुस्तक चाळलं, एका पानावर थांबला, चष्मा काढला आणि मला उठू न देता स्वतःच खुर्ची जवळ ओढली.

“काका, इथं लिहिलंय, ‘श्री. हेर्लेकर, पृष्ठाघात, तृतीय.’” त्याचा आवाज फार हळुवार झाला होता. “म्हणजे हा तिसरा. पहिले दोन कुठं आले होते?”

“पहिला सांगलीला गेला,” मी म्हणालो. “दुसरा साताऱ्याला.”

त्यानं माझा हात हातात घेतला. योगायोगानं तो डावा होता. “आणि तिसऱ्यातून तुम्ही कसे आलात?”

“सरळ,” मी म्हणालो.